सोन्याच्या नॅनोकणांचा रासायनिक सेन्सर: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

सोन्याच्या नॅनोकणांचं द्रावण माणकासारखं लाल असतं. नीट तयार केलेल्या अशा द्रावणात शिशाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले की ते जांभळं होतं, मग निळं. इतका ढळढळीत, नुसत्या डोळ्यांना दिसणारा बदल प्रयोगशाळेत क्वचितच बघायला मिळतो, त्यामुळे नवा माणूस या विषयाकडे चटकन ओढला जातो. पण हेच द्रावण साध्या मिठानेही निळं होतं. आम्लाने होतं, अस्वच्छ बीकरने होतं, फ्रीझरमध्ये गोठवलं तरी होतं. रंग बदलून कोणीही दाखवेल. तो आपल्याला हव्या त्या पदार्थामुळेच बदलला, हे पटवून देण्यात खरा वेळ जातो. म्हणून या लेखातही कण बनवण्यापेक्षा त्यांची उलटतपासणी कशी करायची यावर जास्त भर आहे.

उदाहरणासाठी पाण्यातलं शिसं घेऊ. कण १३ नॅनोमीटरचे आणि त्यांच्या अंगावर ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींत आढळणारा गंधकयुक्त छोटा रेणू. हे एक उदाहरण हाताखालून गेलं की पारा, आर्सेनिक, मेलामाइन किंवा एखादं कीटकनाशक यांच्यासाठी काय बदलावं लागेल ते आपसूक कळू लागतं.

रंग येतो कुठून

मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या क्लोराइडवर फॉस्फरसची क्रिया करून लाल द्रावण बनवलं आणि हा रंग धातुरूप सोन्याच्याच अतिसूक्ष्म कणांचा आहे हे ओळखलं. त्याने तयार केलेले नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवले आहेत. त्यामागचं गणित गुस्ताव मी याने १९०८ मध्ये मांडलं. थोडक्यात सांगायचं तर कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या तालावर सगळे मिळून पुढे-मागे होतात, आणि १३ नॅनोमीटरच्या कणात हे आंदोलन ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात, सर्वांत जोरात होतं. हिरवा शोषला गेला की उरतो लाल. दोन कण एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांची आंदोलनं एकमेकांत गुंततात, शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं आणि द्रावण निळसर दिसू लागतं.

यात एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चांगल्या रंगद्रव्याचा मोलर शोषण गुणांक, म्हणजे पदार्थ किती जोरात प्रकाश शोषतो याचं माप, लाखाच्या घरात असतो. १३ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाचा साधारण २७ कोटी प्रति मोलर प्रति सेंटिमीटर आहे. म्हणून हे कण दोन-तीन नॅनोमोलर असले तरी द्रावण स्वच्छ लाल दिसतं.

आधी मोजण्याची तऱ्हा ठरवा

कणांना हात लावण्याआधी हा निर्णय घ्या, कारण कणाचा आकार आणि त्यावर बसवायचे रेणू दोन्ही त्यावर ठरतात.

पहिली तऱ्हा साकळण्याची. लक्ष्य पदार्थ दोन कणांमध्ये पूल बांधतो, कण जवळ येतात, रंग बदलतो. उपकरण जवळजवळ लागतच नाही. शिकण्यासाठी हीच उत्तम.

दुसरी पट्टीवरची. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीतली लाल रेघ बऱ्याचदा सोन्याच्या कणांचीच असते. तिथे कण साकळत नाहीत, एका रेघेवर अडकून जमा होतात. माझ्या मते सोन्याच्या कणांचा व्यवहारातला सर्वांत यशस्वी उपयोग हाच, आणि तो साकळण्यावर मुळीच अवलंबून नाही ही गोष्ट नवख्यांनी मनात ठेवावी.

तिसरी विजेच्या रोधाची. ती वायू आणि बाष्पांसाठी चालते. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण तिचं सगळं तंत्रच निराळं आहे. रामन विकिरण वाढवून रेणूची ओळख पटवण्याची आणखी एक वाट आहे, पण तिला महागडं उपकरण आणि बराच संयम लागतो. सुरुवात तिथून करू नका.

काच

हे कण बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे काचेवर आधीच्या प्रयोगातून उरलेलं काहीतरी. चंबू, स्टिरिंगची कांडी आणि कंडेन्सर आम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाच्या मिश्रणाने, धुवायचे आणि मग डिआयोनाइज्ड पाण्याने खूप वेळा खळबळायचे. आम्लराज लागेल तेवढंच, ताजं आणि फ्यूम हूडमध्येच बनवा. ते बंद बाटलीत ठेवायचं नाही; त्यातून वायू सुटत राहतात आणि बाटली फुटते. ज्या भांड्यात ॲसिटोन किंवा अल्कोहोल राहिलं असेल त्यात ते ओतायचं नाही. हातमोजे, गॉगल आणि शेजारी कोणीतरी अनुभवी माणूस, या तिन्हींशिवाय हे काम सुरूच करू नये.

कण बनवणं

सायट्रेटची पद्धत, म्हणजे सोन्याच्या संयुगाचं सायट्रेटने क्षपण करून कण बनवण्याची, १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी नीट अभ्यासली आणि १९७३ मध्ये फ्रेन्स याने सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार कसा बदलता येतो ते दाखवलं. सायट्रेट कमी केलं की कण मोठे होतात. आपल्याला लहान कण हवेत, म्हणून सायट्रेट भरपूर घ्यायचं.

कणांसाठी सोनं ज्या संयुगातून येतं ते क्लोरोऑरिक आम्ल हवेतला ओलावा भराभर ओढून घेतं. बाटली उघडून दर वेळी चिमूटभर वजन करत बसलात तर प्रत्येक खेपेला आकडा वेगळा येईल. त्यापेक्षा एक ग्रॅमची बाटली आणा, सगळं एकदम ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. ट्रायहायड्रेट असेल तर हे साधारण ५० मिलिमोलर द्रावण होतं. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, थंड जागी ठेवा. या आम्लाला धातूचा चमचा लावू नका. चमचा झिजतो आणि सोनं त्याच्यावरच बसतं.

आता कृती. चंबूत ९८ मिलिलिटर पाणी आणि २ मिलिलिटर सोन्याचं द्रावण घ्या, म्हणजे १ मिलिमोलर झालं. कंडेन्सर लावून, जोरात ढवळत, उकळी आणा. उकळी नीट फुटलेली हवी, नुसती वाफ येऊन भागत नाही. दरम्यान ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेटचं ३८.८ मिलिमोलर द्रावण ताजं बनवा, म्हणजे १०० मिलिलिटरला १.१४ ग्रॅम. त्यातलं १० मिलिलिटर एका दमात चंबूत ओता. थेंब-थेंब टाकलंत तर नवे कण वेगवेगळ्या वेळी जन्माला येतात आणि आकारात एकसारखेपणा राहत नाही.

पुढची काही मिनिटं डोळे चंबूवर ठेवा. फिकट पिवळा रंग आधी नाहीसा होतो. मग द्रावण करडं, शाईसारखं काळपट होतं, आणि इथे हमखास वाटतं की प्रयोग फसला. थांबा. काळपटातून जांभळा आणि जांभळ्यातून गडद लाल रंग वर येतो. लाल झाल्यावर आणखी १० ते १५ मिनिटं उकळत ठेवा, आच बंद करून ढवळतच थंड होऊ द्या. शेवटपर्यंत जांभळंच राहिलं तर संशय आधी काचेवर, मग पाण्यावर, मग जुन्या सायट्रेटवर घ्या; याच क्रमाने.

हाती काय आलं ते तपासा

हे द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये तसंच मोजू नका. थोडं गणित केलं तर कारण कळेल. १३ नॅनोमीटरच्या एका कणात साधारण ६८ हजार सोन्याचे अणू असतात. एकूण सोनं सुमारे ०.९ मिलिमोलर, म्हणजे कण सुमारे १३ नॅनोमोलर. वरच्या २७ कोटींनी गुणलं की ॲब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचं माप, साडेतीनच्या आसपास येतो, आणि तिथे बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटर खोटं बोलतात. चार ते पाच पट पातळ करा आणि ४०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण स्पेक्ट्रम घ्या.

शिखर ५१८ ते ५२२ च्या दरम्यान, टोकदार आणि ६५० नंतर रेघ जवळजवळ तळाशी टेकलेली हवी. ६५० चा ॲब्सॉर्बन्स भागिले ५२० चा ॲब्सॉर्बन्स हे गुणोत्तर वहीत लिहून ठेवा. ताज्या, चांगल्या कणांसाठी ते ०.१ ते ०.२ च्या आसपास असतं. पुढचा सगळा सेन्सर याच एका आकड्यावर चालणार आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं चित्र मिळालं तर उत्तमच, पण चित्रात शंभर-दोनशे कण दिसतात आणि स्पेक्ट्रममध्ये अब्जावधी. दोघांचं जमत नसेल तर माझा विश्वास स्पेक्ट्रमवर.

आता एक मिलिलिटर वेगळं काढून त्यात मिठाचं द्रावण टाका, शेवटी १०० मिलिमोलर होईल इतकं. काही सेकंदांत ते निळं व्हायलाच हवं. सायट्रेट कणाला फक्त ऋणभाराने दूर ठेवतं. मीठ तो भार झाकून टाकतं आणि कण एकमेकांना चिकटतात. ही चाचणी आत्ताच करायची, कारण कणांवर नवे रेणू बसले की नाही ते याच मिठाला विचारून कळणार आहे.

अंगावर रेणू बसवणं

प्रयोगशाळेत याला फंक्शनलायझेशन म्हणतात. सोन्याला गंधकाची ओढ आहे. थायॉल गट असलेला रेणू टाकला की तो सायट्रेटला बाजूला सारून स्वतः बसतो. ग्लुटाथायोनला मधल्या भागात असा थायॉल आहे आणि दोन टोकांना दोन कार्बोक्सिल गट. थायॉल सोन्याकडे, कार्बोक्सिल बाहेर पाण्याकडे. शिशाचा आयन आला की शेजारच्या दोन कणांवरच्या कार्बोक्सिल गटांना एकाच वेळी पकडतो, आणि पूल तयार होतो.

किती टाकायचं? १३ नॅनोमीटरच्या गोल कणाचं क्षेत्रफळ सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. सरळ साखळीचे थायॉल दर चौरस नॅनोमीटरला चार-पाच बसतात, म्हणजे कणाला जास्तीत जास्त अडीच हजारांच्या आत-बाहेर; ग्लुटाथायोन जाडजूड असल्याने त्याहून कमी. १० मिलिलिटर कणांना या हिशेबाने सुमारे ०.३ मायक्रोमोल पुरतं. तिप्पट धरू: १० मिलिमोलर ग्लुटाथायोनचं १०० मायक्रोलिटर. ओंजळभर टाकून निश्चिंत होण्याचा मोह आवरा, कारण पाण्यात मोकळं फिरणारं ग्लुटाथायोनही शिसं पकडतं आणि सेन्सरपर्यंत काही पोचूच देत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. ग्लुटाथायोनचं पाण्यातलं द्रावण आम्लधर्मी असतं. ते तसंच ओतलं तर कार्बोक्सिल गटांवरचा ऋणभार जातो आणि कण तुमच्यासमोर निळे होतात. आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने त्याचा पीएच ८ च्या आसपास आणा, मग ढवळत्या कणांत हळूहळू सोडा. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. हवेत राहिलं की दोन रेणू गंधकाने एकमेकांना जोडले जातात आणि सोन्याला धरायचा मोकळा थायॉल कमी पडत जातो. दोनेक तास ढवळा, रात्रभर ठेवलं तरी चालेल.

मग धुणं. सेंट्रिफ्यूजमध्ये १३ ते १५ हजार जी वर अर्धा तास. लक्षात घ्या, हा आकडा गुरुत्वाच्या पटीतला आहे, मिनिटाला किती फेऱ्या याचा नाही. दोन्हींत गल्लत करणारे बरेच भेटतात. चांगल्या कणांचा साका तळाशी गडद लाल, तेलकट थेंबासारखा असतो आणि ट्यूब हलवली की सरकतो. वरचं पाणी अलगद पिपेटने काढा, साक्यालगतचं थोडं राहू द्या, पीएच ८ चं पाणी घालून पुन्हा मिसळा. साका काळा, कोरडा आणि काचेला चिकटलेल्या पापुद्र्यासारखा झाला असेल तर ते कण गेले. कितीही हलवा, परत येत नाहीत.

रेणू बसले का? पुन्हा मीठ. आधी ज्या मिठाने कण निळे झाले त्याला आता ते टिकले पाहिजेत. शिखर एखाद-दोन नॅनोमीटर उजवीकडे सरकलेलं दिसेल. तेही रेणू बसल्याचंच लक्षण. शिखर सरकलं नाही पण मिठाला कण टिकले, तरी हरकत नाही. उलट झालं तर मात्र पुढे जाऊ नका.

मिठाची कड शोधा

बहुतेक कृतींमध्ये ही पायरी एका ओळीत गुंडाळलेली असते. सेन्सरची संवेदनशीलता बरीचशी इथेच ठरते, म्हणून जरा थांबूया.

दहा छोट्या ट्यूब घ्या. प्रत्येकीत तेच कण, सुमारे ३ नॅनोमोलर. मीठ मात्र प्रत्येकीत वेगळं: ०, २०, ४०, ६० मिलिमोलर असं वाढवत न्या. दहा मिनिटांनी प्रत्येकीचं ६५० आणि ५२० चं गुणोत्तर काढून आलेख काढा. आधी रेघ सपाट जाते, मग एका ठिकाणी अचानक वर उसळते. ते ठिकाण तुमच्या कणांची कड. काम करायचं ते कडेच्या थोडं अलीकडे, जिथे कण जेमतेम सावरून उभे आहेत आणि शिशाचा थोडासा धक्काही पुरेसा होतो. कडेपासून फार लांब राहिलात तर कण बहिरे; भरपूर शिसं टाकूनही हलत नाहीत. अगदी काठावर गेलात तर ते उगाच बडबडतात, कोऱ्या पाण्यानेही निळे होतात. ही कड प्रत्येक नव्या बॅचला थोडी वेगळी निघते. मागच्या महिन्याचा आकडा उचलून वापरू नका.

आता शिसं

शिशाचा साठा लेड नायट्रेटचा ठेवा, सौम्य नायट्रिक आम्लात. साध्या पाण्यात किंवा पीएच ८ ला ठेवलात तर हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून लेड कार्बोनेट खाली बसतं आणि तुमचा १० मायक्रोमोलर नमुना प्रत्यक्षात किती उरला हे कोणालाच सांगता येत नाही. पीएच स्थिर ठेवायला जो बफर लागतो तो फॉस्फेटचा तर इथे अजिबात नको. शिशाचं फॉस्फेट जवळजवळ अविद्राव्य आहे. फॉस्फेट बफर हाताशी असतो म्हणून सर्रास वापरला जातो आणि मग सेन्सर चालत नाही म्हणून कणांना बोल लावला जातो. ट्रिस किंवा हेपिसचा बफर, तोही पातळ, घ्या.

१, २, ५, १०, २० आणि ५० मायक्रोमोलर अशी मालिका करा. प्रत्येक नमुना तीनदा. कण आधी, शिसं नंतर, लगेच एकदा उलटं-पालटं करून मिसळायचं, आणि घड्याळ लावून बरोबर दहाव्या मिनिटाला मोजायचं. साकळणं ही चालू राहणारी क्रिया आहे. पहिली ट्यूब पाचव्या मिनिटाला आणि शेवटची पंचविसाव्या मिनिटाला मोजली तर आलेखात शिशाऐवजी तुमची धावपळ उमटते.

आलेख सरळ रेषेत येणार नाही. आधी सपाट, मध्ये चढ, वर पुन्हा सपाट, असा इंग्रजी एस अक्षरासारखा येतो. मधल्या चढाचा जेवढा भाग खरोखर सरळ आहे तेवढ्यालाच रेषा बसवा. शोधमर्यादेसाठी शिसं नसलेला ब्लँक किमान दहा वेळा मोजा, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करा आणि रेषेच्या चढाने भागा. ब्लँक एकदाच मोजून आणि विचलन उपकरणाच्या पुस्तिकेतून उचलून काढलेली शोधमर्यादा नेहमीच फार सुंदर असते.

उलटतपासणी

रंग बदलला, आलेख आला. आता आपल्याच निकालावर वकिलासारखं तुटून पडायचं. किमान एवढं तरी करा:

– नायट्रिक आम्लाचा ब्लँक. साठ्यात जितकं आम्ल होतं तितकंच, शिशाशिवाय. यानेही रंग बदलला तर तुम्ही आतापर्यंत पीएच मोजत होता.

– ईडीटीए आधी. नमुन्यात भरपूर ईडीटीए घालून मग कणांना द्या. ते शिसं आवळून धरतं, त्यामुळे कण लाल राहायला हवेत. निळे झाले तर पूल शिशाचा नव्हता. ईडीटीए स्वतः क्षार असल्याने मिठाची कड ओलांडणार नाही इतपतच घ्या. निळ्या झालेल्या कणांत ते नंतर टाकूनही बघा. रंग थोडाफार परतला तर धातूच्या पुलाचा तो चांगला पुरावा. पूर्ण परतेलच असं नाही, कारण फार जवळ आलेले कण कायमचे जुळतात.

– ग्लुटाथायोन नसलेले सायट्रेटचे कण आणि तेच शिसं. दोघांत फरक दिसला नाही तर अंगावर रेणू बसवण्याचा सगळा खटाटोप व्यर्थ.

– दुसरे आयन, एकेकटे आणि शिशासोबत: कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, कॅडमियम, पारा.

या यादीत नवख्यांना भीती वाटते पारा आणि कॅडमियमची. खरा शत्रू कॅल्शियम आहे. हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४८ नॅनोमोलर. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी अगदी सर्वसाधारण, आणि ते होतं १ मिलिमोलर. शिशाच्या एका आयनामागे वीस हजार कॅल्शियमचे आयन, तेही दोन धनभारांचे आणि कार्बोक्सिलला धरू शकणारे. त्यामुळे कॅल्शियमची चाचणी ‘शिशाइतकंच कॅल्शियम’ घेऊन करण्यात काही अर्थ नाही, तरी ती तशीच केलेली पदोपदी दिसते. नळाच्या पाण्यात जितकं असेल तितकं घ्या.

आणि मर्यादेशी प्रामाणिक तुलना करा. तुमचा सेन्सर १ मायक्रोमोलरपर्यंत पोचला तर तो पहिल्या प्रयत्नाच्या मानाने उत्तम आहे, पण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा अजून वीस पट वर आहे. कारखान्याच्या सांडपाण्याची ढोबळ चाळणी त्याने करता येईल. पाणी पिण्याजोगं आहे असं प्रमाणपत्र देता येणार नाही. अहवालात हे लिहायला लाजू नये.

याहून खाली जायचं तर पूल बांधणारा रेणू जास्त निवडक हवा. पाऱ्यासाठी डीएनएतले थायमीन वापरतात, कारण पाऱ्याचा आयन दोन थायमीनच्या बरोबर मध्ये बसतो. शिशासाठी शिशाच्या सान्निध्यातच दुसरा धागा कापणारं डीएनए, म्हणजे डीएनएझाइम, वापरून २००३ मध्ये लिऊ आणि लू यांनी सोन्याच्या कणांचा सेन्सर केला. कणांवर डीएनए बसवणं ही वेगळी कला आहे: डीएनए आणि कण दोन्ही ऋणभारित असल्याने मीठ थोडं-थोडं वाढवत त्यांना जवळ आणावं लागतं. ग्लुटाथायोनवर हात बसल्यावर तिकडे वळा.

वायू आणि बाष्पांची निराळी वाट

इथे रंग विसरा. कण २ नॅनोमीटरच्या आसपासचे, अंगावर ऑक्टेनथायॉलसारख्या तेलकट साखळ्या. ते बनवण्याची दोन थरांची पद्धत ब्रुस्ट, शिफ्रिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिली: सोनं पाण्यातून टोल्युइनमध्ये न्यायचं, तिथे थायॉलच्या उपस्थितीत सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करायचं. हे कण वाळवून पुन्हा टोल्युइनमध्ये विरघळवता येतात, जे सायट्रेटच्या कणांना कधीच जमत नाही.

एकमेकांत गुंफलेल्या बोटांसारख्या इलेक्ट्रोडवर याचा पातळ थर द्यायचा आणि रोध मोजायचा. इलेक्ट्रॉन एका कणावरून दुसऱ्यावर साखळ्यांच्या भिंतीतून टनेलिंगने, म्हणजे भिंत न ओलांडता तिच्यातून आरपार, जातात. टोल्युइनसारखी बाष्पं आली की साखळ्या फुगतात, कण दूर जातात, रोध वाढतो. वोल्टजेन आणि स्नो यांनी १९९८ मध्ये असा सेन्सर दाखवला. अंतराचा परिणाम घातांकी असतो, आणि त्यातच या तंत्राची ताकद आहे: दोन कणांमधलं अंतर ॲंगस्ट्रॉमच्या जेमतेम दहाव्या भागाने वाढलं तरी रोध सुमारे १० टक्के वाढतो. इतका बदल साधं मल्टिमीटरही टिपेल.

अडचण निवडकपणाची. फुगवणारं काहीही चालतं, त्यात दमट हवाही आली. म्हणून कोरडा नायट्रोजन सोडून रोध स्थिर होऊ द्या, मग बाष्प, मग पुन्हा नायट्रोजन. रोध मूळ जागी परत आला तरच ते मोजमाप धरायचं. तापमान एका अंशाच्या आत राखा. आणि एकाच सेन्सरवर विसंबण्याऐवजी वेगवेगळ्या थायॉलचे पाच-सहा सेन्सर शेजारी ठेवून त्यांच्या प्रतिसादांचा नमुना ओळखा. श्वासातल्या बाष्पांवरून रोग ओळखण्याचं संशोधन याच वाटेने चाललं आहे.

ठेवणं आणि टाकणं

सायट्रेटचे आणि ग्लुटाथायोनचे कण फ्रिजमध्ये ४ अंशांना, अंधारात, काचेच्या स्वच्छ बाटलीत ठेवा. सायट्रेटचे महिनोन्‌महिने टिकतात, ग्लुटाथायोनचे त्यामानाने कमी. गोठवायचे नाहीत. बाटलीवर तारीख, बॅच, शिखराची जागा, ६५०-५२० चं गुणोत्तर आणि मिठाची कड, एवढं लिहा. वापरण्याआधी गुणोत्तर पुन्हा मोजा. ते वाढलं असेल तर बाटली बाजूला. तळाशी बसलेल्या काळ्या कणांना ध्वनिलहरींनी हलवून जागं करण्यात वेळ घालवू नका.

शिसं किंवा पारा मिसळलेलं काहीही बेसिनमध्ये जाता कामा नये, ट्यूब आणि पिपेटच्या टोकांसकट. जड धातूंच्या वेगळ्या कॅनमध्ये टाका. ज्यात जड धातू गेलेला नाही अशा निव्वळ सोन्याच्या उरल्यासुरल्या द्रावणासाठी दुसरी बाटली ठेवा, तिच्यात थोडं मीठ टाका. कण साकळून तळाशी बसतील आणि बाटली भरली की ते सोनं पुन्हा आम्लराजात विरघळवून वापरात आणता येईल.